प्रतिमा-संकोचनाची साधने : दर्जा आणि आकारमान

प्रतिमेची फाइल लहान करण्याचे मार्ग दोन. पीएनजी पद्धतीत मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते. जेपेगमध्ये डोळ्याला सहसा न जाणवणारे तपशील कायमचे टाकले जातात. 1992 चे हे प्रमाणक चित्राचे 8 × 8 बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातील सूक्ष्म चढउतार ढोबळ करते.

प्रमाणक एक असले तरी साधने सारखी नाहीत. मोझिलाचे मोझजेपेग जादा वेळ घेऊन तोच दर्जा कमी जागेत बसवते. गूगलचे 2017 मधील गेट्झली तर इतके मंद, की दैनंदिन कामास जवळजवळ निरुपयोगी. वेबपी आणि एव्हीआयएफ हे नवे प्रकार छायाचित्रांसाठी सहसा जेपेगहून काटकसरी ठरतात. मात्र फार आवळल्यास एव्हीआयएफमधील चेहरे मेणाचे वाटू लागतात.

गफलत होते ती तुलना करताना. प्रत्येक साधनाची दर्जापट्टी स्वतंत्र असते. एकातील 80 म्हणजे दुसऱ्यातील 80 नव्हे. म्हणून आधी फाइलींचे आकारमान समान करावे आणि मग दर्जा पाहावा. मूळ चित्रही एकच व शक्यतो असंकुचित हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून आलेली प्रत आधीच झिजलेली असते. तिच्यावर घेतलेली परीक्षा फसवी. एसएसआयएमसारखी मापके साहाय्यक आहेत, परंतु ती संपूर्ण चित्राची सरासरी सांगतात.

ही सरासरी कागदपत्रांच्या बाबतीत घातक ठरू शकते. देवनागरीत एक अनुस्वार पुसला, की ‘भांडे’चे ‘भाडे’ होते. मापकाला तो फरक नगण्यच. 2013 मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझल यांनी याहून गंभीर प्रकार उघड केला. झेरॉक्सची काही यंत्रे स्कॅन केलेल्या कागदावरील 6 च्या जागी चक्क 8 उमटवत होती. जागा वाचविण्यासाठी जेबीआयजी 2 ही पद्धत एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्यांचा एकच नमुना वापरते. तेथेच अंक बदलत होते. अक्षरे धूसर नव्हती, म्हणून कोणाला शंकाही येत नव्हती.

एक-चौदाच्या उताऱ्यातील क्षेत्रफळ किंवा जुन्या दस्तातील रक्कम जपायची असेल, तर पीएनजीच इष्ट. ऑप्टिपीएनजी हे साधन काहीही न गमावता तिचे आकारमान घटवते. पीएनजीक्वांट फाइल बरीच लहान करते, पण रंग 256 पर्यंत मर्यादित करून. काळ्या शाईच्या साध्या कागदाला ते पुरते, रंगीत शिक्क्यांच्या दस्ताला प्रत ताडून पाहिल्यावाचून नाही. अर्जासाठी 50 केबीची प्रत करावी लागली, तरी ती मूळ स्कॅनवरूनच करावी आणि मूळ फाइल वेगळी ठेवावी.