साडेचार तासांची कुळकथा

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयात आला की डॉक्टर आधी वेळ विचारतात. त्रास किती वाजता सुरू झाला? नक्की ठाऊक नसेल, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? उत्तर साडेचार तासांच्या आतलं असलं तर उपचार एका वाटेने जातात, बाहेरचं असलं तर दुसऱ्या.

या आकड्याचा अर्थ जासईला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं हे गाव उरण-पनवेल पट्ट्यातलं. एकीकडे जेएनपीटी बंदराला जाणाऱ्या कंटेनरांची रांग, दुसरीकडे चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू. इथल्या माणसाला मुंबई गाठायची तर पूर्वी मोऱ्याहून लाँच, नाहीतर वाशीचा वळसा. 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरच्या सेतूचं आणि खारकोपर-उरण लोकलचं एकाच दिवशी उद्घाटन झालं आणि शिवडी एकदम जवळ आली. रस्ता आखडला. ज्या मुदतीच्या आत तो कापायचा, ती मुदत मात्र कुणी ठरवली? साडेचारच का? तीन का नाही, सहा का नाही?

या मुदतीचं कूळ शोधत गेलं की साडेतीनशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

आपल्याकडे अजूनही म्हातारी माणसं ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. चरकसंहितेत पक्षवध वाताच्या विकारांत येतो. युरोपात सतराव्या शतकापर्यंत हा आजार शरीरातल्या द्रवांच्या बिघाडावर ढकलला जात होता. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्त शरीरभर फिरतं हे दाखवलं आणि प्रश्न विचारायची रीतच बदलली. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझनच्या योहान याकोब वेप्फर या वैद्याने पक्षाघाताने गेलेल्यांचे मेंदू उघडून पाहिले, त्यांत साकळलेलं रक्त त्याला दिसलं. 1658 च्या आपल्या ग्रंथात त्याने दोन शक्यता मांडल्या: रक्त बाहेर सांडतं, किंवा आत पोचतच नाही. पक्षाघाताचे आजचे दोन मुख्य प्रकार हेच, रक्तस्रावाचा आणि रक्त अडल्याचा.

सहाच वर्षांनी, 1664 मध्ये, इंग्लंडच्या टॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं वर्णिलं. त्याची चित्रं क्रिस्टोफर रेनने काढली, लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल पुढे ज्याने बांधलं तोच हा रेन. विलिसने एका माणसाची हकिकत दिली आहे. त्याची मानेतली एक मोठी धमनी पूर्ण बंद होती, तरी जिवंतपणी त्याला लकवा झाला नव्हता, कारण कड्यातल्या इतर वाहिन्यांनी रक्त पुरवलं होतं. एकाचा मेंदू तासाभरात हात टेकतो आणि दुसऱ्याचा दहा तास तग धरतो, याची पहिली खूण ही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत रुडॉल्फ फिरखोने गुठळीचा हिशेब मांडला. गुठळी जागच्या जागी धरते, किंवा दुसरीकडे तुटून रक्ताबरोबर वाहत येते आणि अरुंद जागी अडकते. तरीही पुढची शंभर वर्षं ‘मेंदूतली रक्तवाहिनी आकसली’ असं निदान सर्रास होत राहिलं. शवविच्छेदनात मेंदू तपासायचे, मानेतली धमनी कापून पाहायची पद्धत नव्हती. कॅनडाच्या मिलर फिशरने ती पाहिली आणि 1951 मध्ये दाखवून दिलं की अनेक पक्षाघातांचं मूळ डोक्यात नसून मानेत असतं. मानेतल्या धमनीत साचलेल्या चरबीच्या थरावर गुठळी धरते आणि तिचे तुकडे वर जातात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे आतल्या कप्प्यात धरणाऱ्या गुठळ्या आणि उच्च रक्तदाबाने बारीक वाहिन्यांत होणारे छोटे घाव यांवरही त्याने पुढे मोलाचं काम केलं.

रक्त अडल्याचा हा प्रकार आपल्याकडेही मोठा आहे. डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने मुंबईत वांद्र्याच्या भागात 2005-06 मध्ये रुग्णांची नोंदणी झाली. त्यात पहिल्यांदाच पक्षाघात झालेले 456 रुग्ण सापडले, आणि त्यांतल्या सुमारे 80 टक्क्यांच्या मेंदूत रक्त सांडलं नव्हतं, अडलं होतं.

अडलं की पुढे काय होतं आणि किती वेळात होतं, हे कळायला मात्र 1970 चं दशक उजाडावं लागलं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू लागतो वीस टक्के, आणि साठा जवळपास शून्य. दर 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त मिळत असतं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये लिंडसे सायमन, ब्रॅन्स्टन आणि आस्ट्रुप हे बबून माकडांची मेंदूतली धमनी बंद करून रक्ताचा प्रवाह पायरीपायरीने उतरताना मोजत होते. प्रवाह 15 ते 20 च्या खाली आला की पेशींचे विद्युत संकेत थांबत. पेशी मुक्या होत, पण मरत नसत. तो 10 च्याही खाली गेला की पेशीच्या भिंतीवरचा पंप बंद पडे, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपे आणि मरण सुरू होई. 1977 च्या शोधनिबंधात या दोन उंबरठ्यांमधला फरक स्पष्ट झाला आणि 1981 मध्ये मधल्या पट्ट्याला ‘पेनम्ब्रा’, म्हणजे उपछाया, हे नाव रूढ झालं. पाट अडला की भाताची काही खाचरं लगेच करपतात, पण कडेच्या खाचरांतलं रोप पिवळं पडूनही मुळाशी ओल धरून असतं आणि पाणी सुटलं तर उभं राहतं. मेंदूतला हा पट्टा तसा असतो. रुग्णाचा हात उचलत नाही, तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून मेंदूचा तो भाग मेलाच असं धरायचं कारण नाही. पक्षाघातावरचे तातडीचे सारे उपचार या एका निष्कर्षावर उभे आहेत.

त्याच 1981 साली अमेरिकेत जोन्स आणि सहकाऱ्यांनी जाग्या माकडांवर याला काळाचं माप जोडलं. प्रवाह 10-12 वर उतरलेला भाग दोन-तीन तासांत कायमचा जातो. 17-18 वर असलेला भाग बराच काळ टिकतो, पण धमनी कधीच उघडली नाही तर तोही जातो. घड्याळाचा जन्म इथला. पण त्यात काटे दोन होते, किती वेळ गेला हा एक आणि किती रक्त उरलं हा दुसरा. रुग्णालयाच्या दारात फक्त पहिला मोजता येत होता, म्हणून पुढची तीसेक वर्षं तोच मोजला गेला.

पेशी नेमकी मरते कशी, हे शोधणाऱ्यांची शाखा वेगळी. 1969 मध्ये जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट टोचलं, म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो, आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेलेल्या आढळल्या. ग्लुटामेट मेंदू स्वतःही बनवतो, पेशी त्यातूनच एकमेकींशी बोलतात. जास्त झालं तर तेच विष होतं. 1984 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांना रक्त तोडलेल्या उंदरांच्या मेंदूत ग्लुटामेट अनेक पटींनी वाढलेलं दिसलं. साखळी जुळली. प्राणवायू नाही म्हणून ऊर्जा नाही, ऊर्जा नाही म्हणून पंप बंद. मग सोडियम आणि पाणी आत शिरून पेशी सुजते, ग्लुटामेट बाहेर ओतलं जातं, शेजारच्या पेशींचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीचीच विकरं तिला आतून खाऊ लागतात.

साखळी कळली, आता एखादी कडी तोडू, म्हणजे पेशी वाचेल, असं सगळ्यांना वाटलं. 2006 च्या एका आढाव्यात प्रयोगशाळांत तपासलेल्या अशा 1,026 उपायांची मोजदाद झाली. त्यांतले 114 माणसांपर्यंत पोचले. पेशी वाचवणारं एकही औषध त्यांतून सर्वमान्य उपचार म्हणून टिकलं नाही. उंदीर तरुण आणि निरोगी, रुग्ण साठीचा आणि मधुमेही. उंदराला औषध धमनी बांधण्याआधी किंवा लगेच, रुग्णाला कित्येक तासांनी. जीवशास्त्र खोटं नव्हतं, ते माणसाला लागू करण्याची घाई चुकली. मग उरला सरळ मार्ग: वाहिनी उघडा, रक्त पुन्हा जाऊ द्या.

गुठळी विरघळवण्याची कल्पना जुनी होती. विल्यम टिलेट यांना 1933 मध्ये स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू रक्ताची गुठळी विरघळवताना दिसले. त्यातून आलेल्या स्ट्रेप्टोकायनेजने हृदयविकारात लाखोंना वाचवलं. पक्षाघातात मात्र 1990 च्या दशकातल्या त्याच्या चाचण्या मेंदूत रक्तस्राव होऊ लागल्याने थांबवाव्या लागल्या. बेल्जियमच्या ल्यूवेनमध्ये देसिरे कोलेन यांच्या प्रयोगशाळेने त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींमधून टीपीए हे शरीराचंच गुठळी विरघळवणारं प्रथिन शुद्ध रूपात वेगळं केलं. 1985 मध्ये जस्टिन झिविन यांनी सशांवर त्याचा गुण दाखवला. 1971 पासून सीटी स्कॅन आलेला असल्यामुळे रक्त सांडलंय की अडलंय हे औषध देण्याआधी पाहता येऊ लागलं होतं.

डिसेंबर 1995 मध्ये अमेरिकेच्या एनआयएनडीएस संस्थेची 624 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. मर्यादा तीन तासांची, आणि निम्म्या रुग्णांना तर दीड तासाच्या आत औषध मिळालेलं. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण शंभरात 11 ते 13 ने जास्त निघालं. किंमतही होती: त्रास देणारा रक्तस्राव औषध मिळालेल्यांत 6.4 टक्के, न मिळालेल्यांत 0.6. कारण रक्त अडलं की पेशींबरोबर बारीक वाहिन्यांच्या भिंतीही खिळखिळ्या होतात. जितका उशीर, तितकं वाचवायला कमी उरतं आणि सांडायला सोपं होतं. मुदत या दोन कारणांमुळे पडते.

युरोपने आधी सहा तासांपर्यंत ताणून पाहिलं, जमलं नाही. मग सगळ्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा साडेचारच्या आसपासपर्यंत फायदा दिसला, आणि हाइडेलबर्गच्या वेर्नर हाके यांनी नेमक्या तीन ते साडेचार तासांच्या रुग्णांवर नवी चाचणी घेतली. 821 रुग्ण, निकाल 2008 मध्ये: औषध मिळालेल्यांत 52.4 टक्के चांगले बरे झाले, न मिळालेल्यांत 45.2. आपला आकडा जन्मला तो या चाचणीतून.

पण 2010 मध्ये आठ चाचण्यांतल्या 3,670 रुग्णांचा हिशेब झाला. चांगलं बरं होण्याची शक्यता औषधाने किती पटींनी वाढते ते त्यात तपासलं. पहिल्या दीड तासात 2.55 पट, तीन तासांपर्यंत 1.64, साडेचारपर्यंत 1.34. म्हणजे साडेचार ही भिंत नव्हे, उताराचं शेवटचं टोक आहे. ‘अजून दोन तास आहेत’ म्हणून थांबणारा माणूस उतारावरून खाली चाललेला असतो. जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये त्याचं माप दिलं: मोठी धमनी बंद पडली तर मिनिटाला सरासरी 19 लाख पेशी जातात.

2015 मध्ये जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर ओढण्याचा उपचार मोठ्या धमन्यांसाठी सिद्ध झाला. 2018 च्या चाचण्यांनी तो निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नेला. ही निवड उपछाया किती उरली आहे हे स्कॅनवर पाहून होते. दुसरा काटा अखेर दिसू लागला. विलिसच्या त्या माणसासारखी आडवाटेने रक्त मिळणारी माणसं आता स्कॅनवर ओळखता येतात.

या कुळाची एक फांदी महाराष्ट्रातही आहे. टीपीएचं सुधारलेलं रूप म्हणजे टेनेक्टेप्लेज. मूळ औषधाचा तासभर ठिबक लावावा लागतो, हे एका इंजेक्शनमध्ये होतं. पुण्याच्या हिंजवडीतली जिनोव्हा कंपनी ते बनवते, आणि पक्षाघातासाठी त्याला भारतात अमेरिकेच्या आधी मंजुरी मिळाली. तिकडे ती 2025 मध्ये आली.

जासईकरांनी यातून घ्यायचं ते इतकं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला किंवा बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला, तर झोपायला गेल्याची वेळ सांगा. पाणी पाजू नका, घरात आहे म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्त अडलंय की सांडलंय हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, हे ऐन वेळी आठवून उपयोग नाही. पनवेल, कामोठे, बेलापूर, नेरूळ या बाजूला रात्रंदिवस सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारं औषध कुठे मिळतं, याची चौकशी घरात सगळे ठणठणीत असतानाच करून ठेवा.