खाणीतला माणूस आणि गिरणीतला माग: यंत्राचा प्रश्न समाजशास्त्राच्या पद्धतीने कसा सोडवला गेला?

१/ १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला कोळशाची निकड होती. खाणीत यंत्रे वाढली होती आणि मालकी सरकारकडे आली होती. तरीही अपेक्षित उत्पादन होईना, कामगारांची गैरहजेरीही थांबेना. याचा दोष कोणाचा, यंत्रांचा की कामगारांच्या आळसाचा?

२/ या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधनाची एक नवी वाट घडली. तिची सुरुवात लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत झाली. मनोविश्लेषण आणि सामाजिक मानसशास्त्र यांचा उपयोग प्रत्यक्ष कामाच्या जागी करणे, हा या संस्थेचा उद्देश होता. एरिक ट्रिस्ट हे तिचे एक प्रमुख संशोधक.

३/ त्यांचे सहकारी केन बॅमफोर्थ यांची पार्श्वभूमी मात्र आगळी होती. त्यांनी १८ वर्षे कोळशाच्या थरापाशी काम केले होते. प्रशिक्षणार्थी म्हणून ते संस्थेत आले आणि काही काळानंतर आपल्याच जुन्या खाणीत परतले. आता ती खाण त्यांना कामगाराच्या आणि अभ्यासकाच्या अशा दुहेरी नजरेने पाहायची होती.

४/ ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ यांचा निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागची पद्धत साधी, पण चिकाटीची होती. खाणीत निरनिराळी कामे केलेल्या सुमारे २० माहीतगारांशी त्यांनी दोन वर्षे संपर्क राखला, तासन्‌तास चर्चा केल्या. व्यवस्थापनाच्या सर्व स्तरांवरील लोकांशी गटचर्चाही केल्या.

५/ या बोलण्यातून जुन्या पद्धतीचे चित्र उभे राहिले. पूर्वी दोन खाणकामगार जोडीने काम करीत आणि आपला जोडीदार स्वतः निवडीत. कोळसा खणणे, भरणे, छताला टेकू देणे ही सारी कामे त्यांच्याच हातात असत. अंधारात छत केव्हा करकरेल याचा नेम नव्हता. अशा ठिकाणी शेजारचा माणूस भरवशाचा असणे, हीच सुरक्षितता होती.

६/ मग ‘लाँगवॉल’ पद्धत आली. जवळजवळ दोनशे यार्ड लांबीची एकसलग कोळशाची भिंत, कापणी यंत्र आणि वाहक पट्टा. काम तीन पाळ्यांत विभागले गेले: आधी कापणी, मग पट्टा हलवणे आणि वाटा खोदणे, शेवटी कोळसा भरणे. सुमारे ४० माणसे सात प्रकारच्या कामांत वाटली गेली आणि प्रत्येकाची मजुरी वेगळी ठरली.

७/ एका पाळीने काम अर्धवट सोडले की त्याचा भार पुढच्या पाळीवर पडे. मात्र दोन पाळ्यांची एकमेकांशी गाठ पडत नसे. भरणी करणारे सुमारे २० जण लांबच लांब भिंतीवर विखुरलेले असत. आपल्या वाट्याला आलेली वाईट जागा ज्याने त्याने एकट्याने निस्तरायची.

८/ अशा स्थितीत माणसे स्वतःला कशी सावरतात, याचे चार प्रकार निबंधात नोंदवले आहेत: अनौपचारिक टोळकी करणे, ‘आपले आपण’ म्हणून अलिप्त होणे, एकमेकांवर दोष ढकलणे आणि मधूनमधून कामावर न येणे. वरून जो ‘आळस’ दिसत होता, तो असह्य मांडणीतून काढलेला मार्ग होता.

९/ बॅमफोर्थ यांच्या जुन्या खाणीत याची उलट बाजूही दिसली. दक्षिण यॉर्कशायरमधील हेगमूर थरात कामगारांचे गट नव्या यंत्रांसह, पण स्वतःच कामे वाटून घेऊन काम करीत होते. म्हणजे तंत्र तेच ठेवूनही कामाची रचना निराळी असू शकते. ‘सामाजिक-तांत्रिक व्यवस्था’ ही संकल्पना याच निरीक्षणातून पुढे आली.

१०/ पण एका खाणीवरून नियम सिद्ध होत नाही. म्हणून पुढचे पाऊल तुलनेचे होते. डरहॅम भागात एकाच थरातील, सारख्याच यंत्रांच्या दोन लाँगवॉल तुकड्या अभ्यासल्या गेल्या. एकीत कामांची जुनी कडक विभागणी होती. दुसरीत गट स्वतः पाळ्या ठरवी आणि मजुरी समान वाटून घेई. पहिलीत गैरहजेरी सुमारे २० टक्के, तर दुसरीत सुमारे ८ टक्के आढळली. हा अभ्यास १९६३ मध्ये ग्रंथरूपाने आला.

११/ दरम्यान हा विचार भारतात पोहोचला होता. १९५३ मध्ये टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होते. गिरणीने स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेइतका सुधारत नव्हता.

१२/ राइस यांनी आधी पाहिले ते कोण कोणत्या मागांसाठी जबाबदार आहे. एका विभागात २२४ माग, २९ कामगार आणि १२ प्रकारची कामे होती. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, जॉबरकडे ११२, तेल घालणाऱ्याकडे सगळेच २२४. प्रत्येकाची हद्द वेगळी. कोणत्याही मागांचा संच कोणत्याही एका गटाचा नव्हता.

१३/ राइस यांनी सुचवले की मागांचा एक संच एका गटाकडे सोपवावा. कामगार आणि पर्यवेक्षकांनी ही कल्पना उचलून धरली आणि गटांची आखणी स्वतः केली. ६४ मागांसाठी ७ जणांचा गट ठरला. आरंभीच्या अडचणी पार पडल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली, खराब कापडाचे प्रमाणही घटले.

१४/ मात्र पद्धत शिकणाऱ्याने येथे थांबू नये. पुढे टीकाकारांनी या प्रयोगावर रास्त शंका घेतल्या. गटपद्धतीबरोबर मजुरीही बदलली होती, मग सुधारणा नेमकी कशामुळे झाली? एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या तर श्रेय कोणाला द्यायचे, हा कोणत्याही प्रत्यक्ष प्रयोगातला अवघड प्रश्न आहे.

१५/ दुसरी परीक्षा काळाची होती. १९७० मध्ये एरिक मिलर पुन्हा त्याच गिरणीत गेले. एका विभागात गटपद्धत बऱ्याच अंशी टिकून होती, इतर विभागांत ती कमीअधिक ढासळली होती. सतरा वर्षांनी कोणी परतलेच नसते, तर केवळ यशाची पहिली कहाणी उरली असती.

१६/ दीर्घ संवादाने माणसाचे अनुभव कळले, समान परिस्थितीतील तुलनेने कारण तपासता आले, प्रत्यक्ष बदल करून कल्पना पारखता आली आणि पुन्हा भेट देऊन तिचे आयुष्य मोजता आले. यातली एकही पद्धत एकटी पुरेशी नव्हती. आज कारखान्यात, रुग्णालयात किंवा सरकारी कार्यालयात नवे यंत्र आले आणि ‘लोकच नीट वापरत नाहीत’ असे कानी पडले, तर आधी त्या लोकांच्या कामाची वाटणी कशी झाली आहे ते पाहावे. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ यांनी सुरुवात तेथूनच केली होती.