जुन्या बंदुकांचे रास्त मोल

सन २००३ मध्ये काठमांडूतील एका जुन्या राजवाड्याचे शस्त्रागार रिकामे झाले. त्याचे नाव लगन सिलेखाना. 'शिलेखाना' या रूपाने हा शब्द मराठेशाहीच्या कारखान्यांच्या याद्यांतून आमच्या वाचकांस परिचित आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेल्या हजारो बंदुका दोन अमेरिकन व्यापारी संस्थांनी नेपाळ सरकारकडून विकत घेतल्या, समुद्रापार नेल्या आणि एकेक करून संग्राहकांस विकावयास आरंभ केला. लष्कराने मोडीत काढलेली ही हत्यारे लढाईच्या उपयोगाची उरली नव्हती. मग त्यांचे रास्त मोल कोणते? लोखंडाच्या वजनाइतके, की हौशी धनिक देईल तितके?

आमचे मत असे की, अशा बंदुकीचे मोल ठरविणे आणि जुन्या कागदाचे अस्सलपण ठरविणे ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. हे जेथे विसरले जाते तेथे गिऱ्हाईक फसते, आणि त्याच्यासवे इतिहासही नागवला जातो.

प्रथम हा साठा कसा जमला ते पाहू. १८१४–१६ च्या युद्धात गुरखे इंग्रजांशी लढले. पुढे जंगबहादुर राणा १८५० मध्ये विलायतेस जाऊन आला आणि १८५८ मध्ये इंग्रजांच्या साह्यार्थ फौज घेऊन लखनौवर उतरला. नानासाहेब पेशव्यांनी ज्या मुलखाचा अखेर आश्रय घेतला तो याच राण्यांचा. या बदलत्या नात्याचे थर सिलेखान्यात साचले. कंपनी सरकारच्या गारगोटीच्या बंदुका तेथे होत्या. दोनच रुंद आट्यांची व कंगोरेदार गोळीची, १८३७ ची ब्रन्स्विक रायफल होती. जिच्या चरबीच्या काडतुसांनी १८५७ चा वणवा पेटविला ती १८५३ ची एन्फील्ड होती. आणि १८७१ मध्ये इंग्रज फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्रीही होती. इंग्रज आपली नवी हत्यारे हात राखूनच देत. यास्तव राण्यांच्या कारागिरांनी कित्येक नमुन्यांच्या प्रती घरीच घडविल्या. जनरल गेहेंद्र शमशेर याने तर मार्टिनीच्या धर्तीवर आपल्या नावाची रायफल सिद्ध केली.

आता भावाकडे वळू. दुर्मिळ ते महाग, हा बाजाराचा पहिला नियम. परंतु दुर्मिळता ही वस्तूच्या अंगची नसून वखारीच्या कुलपाची असते. रशियाची मोसिन-नागां ही १८९१ ची रायफल कोट्यवधींनी निघाली. सोव्हिएत राज्य लयास गेल्यावर तिच्या पेट्या अमेरिकेत येऊन पडल्या, तेव्हा एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती शंभर डॉलरांच्या आत मिळत असे. पुरवठा आटला आणि तीच बंदूक कित्येक पटींनी महागली. बंदूक तीच, लाकूड तेच. बदलली ती केवळ आवक. तेव्हा ज्याने भाव ठरवावयाचा त्याने 'अशा किती निघाल्या' एवढेच विचारून भागत नाही. 'किती उरल्या व कोठे अडकून आहेत' हेही विचारावे लागते.

दुसरी कसोटी सुट्या भागांच्या मेळाची. कारखान्यातून निघालेल्या रायफलीच्या नळीवर व खटक्यावर पुष्कळदा एकच अंक ठोकलेला असतो. दुरुस्तीच्या गोदामांत मात्र भाग एकमेकांत मिसळत, जुना अंक खोडून नवा घातला जाई. अंक जुळतो एवढ्याने हुरळून न जाता, तो केव्हा व कोणाच्या हातून पडला हे पाहिले पाहिजे. नेपाळी घडणीच्या बंदुकांत ही कसोटी आणखी कडक होते. त्या हाताने कानस चालवून घडविलेल्या. एकीचा भाग दुसरीस बसेलच असे नाही.

तिसरी कसोटी अक्षरांची, आणि येथे मराठी वाचकास थोडा अभिमान वाटावा. यांपैकी अनेक बंदुकांवर देवनागरी अक्षरे व आकडे आहेत. परदेशातील खरेदीदारास ती लिपी मुद्दाम शिकावी लागते. आम्हांस ती जन्मतः अवगत. परंतु लिपी वाचता आली म्हणजे साल वाचता आले असे नव्हे. नेपाळात विक्रम संवत चालतो. बंदुकीवर १९४१ असा आकडा असल्यास तो दुसऱ्या महायुद्धातला नव्हे. त्यातून सत्तावन्न वजा केल्यास इसवी सन १८८४ येते. शक व संवत यांच्या घोटाळ्याने आमच्या इतिहासात किती लढाया भलत्या साली गेल्या, हे संशोधकांस सांगणे नलगे. अमेरिकेत या घोटाळ्याची किंमत रोकडी मोजावी लागते, कारण तेथील मध्यवर्ती कायदा १८९८ पर्यंतच्या बंदुकीस पुराणवस्तू मानतो आणि पुढीलीस हत्यार. आकडा वाचण्यात चूक झाली की वस्तूची जातच बदलते.

चौथी कसोटी बनावटीची. खैबरखिंडीच्या आसपास, दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी मार्टिनीच्या हुबेहूब नकला केल्या, आणि त्यांवर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरेही कोरली. परंतु कोरणारास इंग्रजी येत नसल्याने एखादे अक्षर उलटे पडते, किंवा राणीच्या मुद्रेखाली १९०७ साल येते. राणी तर १९०१ मध्येच निवर्तली! मृत राजाच्या शिक्क्याची सनद पाहून जसा संशोधक गालात हसतो, तसाच जाणता संग्राहक येथे हसतो. तथापि अशी नक्कल अगदीच टाकाऊ नव्हे. ती 'अस्सल' म्हणून विकली तर लबाडी. सरहद्दीवरील कारागिराचे काम म्हणून विकली तर तिचेही रास्त मोल आहेच.

शेवटची कसोटी स्थितीची, आणि तीतच सर्वांत मोठा घात होतो. नवखा मालक जुनी बंदूक घरी आणतो, गंज खरवडतो, दस्ता घासून त्यावर रोगण चढवितो आणि मोल वाढविले या समाधानात राहतो. त्या घासण्यात शिपायाच्या तुकडीचे चिन्ह, दुरुस्तीची खूण, हाताने गुळगुळीत झालेली कड ही सर्व नाहीशी होतात. जीर्ण बखरीची पाने स्वच्छ दिसावीत म्हणून धुऊन काढण्याचाच हा प्रकार. पैसा साक्षीचा मिळावयाचा; साक्षीदाराची जीभच कापल्यावर पैसा कशाचा मागावयाचा? सैल माती व जुना ओंगणा हलक्या हाताने काढणे निराळे, आणि कातडी सोलणे निराळे.

या पाच कसोट्यांनी एकेका बंदुकीचा भाव रास्त ठरेल. परंतु सबंध सिलेखान्याचा? कोणती बंदूक कोणत्या खणात, कोणत्या बंदुकांशेजारी होती, त्यावरून कोणत्या पलटणीस केव्हा काय मिळाले हे कळण्याची आशा असते. माल एकेक नग होऊन हजारो घरांत पांगला की ही साक्ष कोणत्याच नगाच्या अंगावर उरत नाही. दफ्तर एकेका कागदाने विकले तर प्रत्येक कागदाचा भाव चोख येईल, दफ्तर मात्र कायमचे जाईल. आमच्याकडे असे झालेले नाही काय? वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल रद्दीच्या दराने गेल्याची हळहळ मराठी संशोधकांस नवी नाही.

विकणारास पैशाची गरज असते आणि घेणाराने लबाडी केली असेही म्हणवत नाही. उलट गंजत पडलेली हत्यारे जाणत्या हातांत गेली, हाही एक लाभच. आमचे म्हणणे इतकेच की, कुलूप उघडण्यापूर्वी यादी करावी, खणांची नोंद ठेवावी, अक्षरे वाचून उतरून घ्यावीत, आणि मग खुशाल भाव करावा. असा भाव विकणारास चार पैसे अधिक देईल, घेणारास फसवणार नाही, आणि इतिहासाचे देणेही बुडविणार नाही. ज्या किमतीत हे तिन्ही साधते तीच आम्हांस रास्त वाटते.