हिरवळीची कड

१८३० सालीं एड्विन बडिंग यांचें गवत कापण्याचें यंत्र निघालें आणि इंग्लंडांत हिरवळ हळूहळू मध्यमवर्गाच्याहि आवाक्यांत आली. मग तींत वर्तुळें कोरून हंगामी फुलांचे भडक गालिचे मांडण्याची रीत पडली. ती मोडणाऱ्यांत गर्ट्रूड जीकल अग्रणी होत्या.

दृष्टि अधू असल्यामुळें १८९१ सालीं नेत्रवैद्यानें त्यांस चित्रकला सोडण्यास सांगितलें. तेव्हां मन्स्टेड वुड येथील बाग हाच त्यांचा चित्रफलक झाला. उंच दगडी भिंतीलगत सुमारें २०० फूट लांब व १४ फूट रुंद ताटवा त्यांनीं रंगक्रमानें लावला: टोकांस निळा-करडा, पुढें पिवळा, नारिंगी, मध्यें तांबडा. करड्या-निळ्याला सरावलेला डोळा पिवळ्याचें उत्सुकतेनें स्वागत करतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

नवी हिरवळ मोकळी ठेवून तिची कड रंगवावी, हा धडा अधू डोळ्यांनीं घालून दिलेला आहे.