पॅलेस्टाईनच्या खेड्यांतील कॅमेरे

इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँक प्रदेशात, विशेषतः हेब्रॉन शहर आणि त्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ खेड्यांत, स्थानिक तरुणांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा देऊन त्यांना चित्रण शिकविण्याचे उपक्रम गेली सुमारे दोन दशके चालू आहेत. शिकणाऱ्यांत मेंढपाळ, शेतकरी, गृहिणी आणि शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले-मुली असतात.

पॅलेस्टिनी माहितीपटाची परंपरा याहून जुनी आहे. सुलाफा जादल्ला, हानी जौहरिया आणि मुस्तफा अबू अली यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनमध्ये पहिले चित्रपट पथक उभारले. हे पथक पुढे बैरूतला गेले. लेबनॉनमधील यादवीचे चित्रण करीत असताना १९७६ साली जौहरिया मारले गेले, आणि १९८२ मध्ये इस्रायलने बैरूतला वेढा घातल्यानंतर तेथील चित्रपटांचा संग्रह नाहीसा झाला. त्या चित्रपटांत गावकरी दिसत असे. कॅमेरा मात्र निर्वासित चळवळीतील कलावंतांच्या हाती होता.

बेत्सेलेम या इस्रायली मानवी हक्क संघटनेने २००७ साली वेस्ट बँकमधील कुटुंबांना छोटे कॅमेरे वाटण्यास प्रारंभ केला. प्रकल्पाचे आरंभीचे नाव ‘शूटिंग बॅक’ असे होते. गोळी झाडणे आणि चित्रण करणे या दोन्ही क्रियांना इंग्रजीत एकच शब्द आहे, त्यावरील हा श्लेष. वसाहतकऱ्यांनी हल्ला केल्यावर तक्रार घेऊन जाणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाच्या शब्दावर पोलीस वा सैन्य सहसा विश्वास ठेवीत नसत. कॅमेऱ्याची गरज उत्पन्न झाली ती येथे.

अशा प्रशिक्षणातील पहिले धडे साधे, पण घटनेच्या वेळी पाळण्यास अत्यंत कठीण असतात. कॅमेरा स्थिर धरावा. आरंभी संपूर्ण परिसर चौकटीत घ्यावा, म्हणजे जागा ओळखता येते; मगच चेहऱ्याकडे वळावे. चित्रण मध्येच थांबवू नये, कारण तुकडे पडलेल्या चित्रफितीवर ‘आधीचे काय?’ हा आक्षेप हमखास येतो. स्वतः ओरडू नये, कारण ध्वनी हाही पुरावा असतो. सुरक्षित अंतर राखावे, आणि मूळ ध्वनिमुद्रणास हात न लावता त्याची प्रत तत्काळ अन्यत्र ठेवावी. आपल्याच भावास मारहाण होत असताना हात स्थिर ठेवणे ही कोणत्याही चित्रपट-विद्यालयात शिकविली जाणारी गोष्ट नव्हे.

स्त्रियांचा वाटा या कामात मोठा आहे. घराची खिडकी आणि गच्ची ही त्यांची चित्रणस्थळे. जुलै २००८ मध्ये निलिन गावातील एका किशोरवयीन मुलीने घराच्या खिडकीतून टिपलेले दृश्य जगभर पोहोचले: डोळे बांधलेल्या, हात जखडलेल्या कैद्यावर एक सैनिक जवळून रबराचे आवरण असलेली गोळी झाडत होता. सैनिक व त्याचा वरिष्ठ अधिकारी या दोघांना सैनिकी न्यायालयाने २०१० साली दोषी ठरविले. तुरुंगवास कोणालाच झाला नाही. मार्च २०१६ मध्ये हेब्रॉन येथे जमिनीवर जखमी पडलेल्या हल्लेखोराच्या डोक्यात एलोर अझारिया या सैनिकाने गोळी घातली. ते चित्रणही बेत्सेलेमच्या स्थानिक स्वयंसेवकाचेच होते. अझारियास १८ महिन्यांची शिक्षा झाली, ती पुढे १४ महिन्यांवर आली, आणि प्रत्यक्षात सुमारे नऊ महिन्यांनी तो सुटला.

पुराव्याचे हे फळ पाहता, त्याच वर्षी मे महिन्यात बेत्सेलेमने सैनिकी तपास यंत्रणेकडे तक्रारी पाठविणेच बंद केले. चित्रण मात्र थांबले नाही. फिर्यादीसाठी नव्हे तर प्रेक्षकासाठी कॅमेरा कसा धरावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला.

पुरावा आणि माहितीपट यांचे नियम वेगळे आहेत. पुराव्यास दिनांक, स्थळ आणि अखंड दृश्य लागते. माहितीपटास माणूस लागतो, त्याची वाट पाहणे, त्याचे निमूट बसणे लागते. हे अंतर ओलांडणारे ठळक उदाहरण म्हणजे ‘स्माइल, अँड द वर्ल्ड विल स्माइल बॅक’ हा लघुपट. हेब्रॉनमधील अल-हद्दाद कुटुंबाच्या घरी सैनिक रात्री झडतीसाठी आले, तेव्हा घरच्यांनीच केलेले हे चित्रण. दिग्दर्शक म्हणून इहाब ताराबिये व योआव ग्रॉस यांच्यासह कुटुंबाचेही नाव आहे. तो २०१४ च्या बर्लिन महोत्सवात लघुपट विभागात दाखविला गेला. स्वयंसेवकांच्या संकलित चित्रणातून ताराबिये यांनी पुढे ‘ऑफ लँड अँड ब्रेड’ हा दीर्घ माहितीपटही केला. रामल्ला येथील शाशात ही संस्था २००५ पासून तरुण स्त्रियांना चित्रपटनिर्मितीचे प्रशिक्षण देते.

प्रशिक्षणाविना तयार झालेल्यांत बिलिन गावचे शेतकरी इमाद बुरनात अग्रगण्य होत. २००५ साली चौथ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्यांनी पहिला कॅमेरा घेतला, आणि गावच्या जमिनीतून जाणाऱ्या विभाजक भिंतीविरुद्धचे आंदोलन त्याच कॅमेऱ्याने टिपले. एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. इस्रायली दिग्दर्शक गाय दाविदी यांच्यासह केलेला ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचला.

हेब्रॉनच्या दक्षिणेस मसाफेर याट्टा नावाचा खेड्यांचा समूह आहे. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी इस्रायली सैन्याने तेथील मोठा भाग सरावाचे गोळीबारक्षेत्र घोषित केला, आणि मे २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील सुमारे एक हजार रहिवाशांना हटविण्याचा मार्ग मोकळा केला. याच भागातील बासेल अद्रा व हमदान बल्लाल यांनी युवल अब्राहम व रेचल सोर या इस्रायली सहकाऱ्यांसह ‘नो अदर लँड’ केला. मार्च २०२५ मध्ये त्यास सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात बल्लाल यांना त्यांच्या गावी मारहाण झाली आणि सैन्याने त्यांना ताब्यात घेऊन दुसऱ्या दिवशी सोडले. चित्रपटास साहाय्य केलेले शिक्षक ओदा हथालीन २८ जुलै २०२५ रोजी उम्म अल-खैर गावात गोळी लागून मृत्युमुखी पडले. त्या क्षणी ते स्वतः चित्रण करीत होते. ती चित्रफीत बेत्सेलेमने पुढे प्रसिद्ध केली.