खेळातला पोटखेळ : उपनगरांतील व्हिडिओ गेमचा पूर्वेतिहास

१९५० साली अंधेरी आणि घाटकोपर, व १९५७ साली बोरीवली आणि मुलुंड ही गावे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाल्यानंतर पुढल्या तीन दशकांत त्यांच्या भातखाचरांवर आणि वाड्यांवर ज्या चाळी, ज्या सहकारी गृहनिर्माण संस्था आणि घाटकोपरच्या पंतनगरासारख्या गृहनिर्माण मंडळाच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील घरे बहुधा एका-दोन खोल्यांची होती. आणि त्या खोल्यांत माणसांची, अंथरुणांची आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांची सोय लावता लावता मुलांच्या खेळाला म्हणून जागा अशी उरतच नव्हती. ती जागा काही काळ गॅलरीने पुरवली, काही काळ जिन्याने, पुष्कळ काळ इमारतीच्या आवाराने. आणि आवारांत स्कूटरी व मोटारी येऊन ठाकू लागल्या, त्याच सुमारास ती स्टेशनरोडवरच्या एखाद्या अंधाऱ्या गाळ्याने पुरवली, ज्याला सर्व मुले ‘व्हिडिओ गेम’ एवढ्याच नावाने ओळखत. म्हणूनच या उपनगरांतील व्हिडिओ गेमचा इतिहास हा मला यंत्रांच्या इतिहासापेक्षा जागेचा इतिहास वाटत आला आहे, आणि त्यातही मोठ्या खेळाच्या पोटात दडलेल्या लहान खेळांचा, पोटखेळांचा, वृत्तान्त हा त्या जागेशी अतिशय निकटचा आहे.

तो गाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, पण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी ते करणे अवश्य आहे. दारावर जाडसर पडदा, आत दिवा जवळजवळ नाही, भिंतीला पाठ लावून उभी केलेली प्लायवूडची उंच कपाटे, प्रत्येकाच्या छातीशी एक तिरकी काच आणि काचेखाली हँडल व बटणे. बटणांवरचा रंग बोटांनी झिजून गेलेला, हँडलचा गोळा बहुधा सैल झालेला. दाराशी गल्ल्यावर बसलेला मालक रुपया-दोन रुपयांना टोकन देई, आणि ते टोकन फटीत टाकल्यावर जो ‘खण्ण’ असा आवाज होई त्यासरशी आजूबाजूची चार-पाच बघी मुले त्या यंत्राकडे वळत, कारण ज्याच्याजवळ टोकनाचे पैसे नसत त्यालाही पाहण्याचा हक्क होता, व तो हक्क कोणी सहसा नाकारीत नसे. ‘लाईफ’, ‘स्टेज’, ‘बॉस’ हे शब्द मराठी मुलांच्या तोंडी शाळेतील इंग्रजीच्या आधी याच गाळ्यांतून बसले.

जपानातील कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ या गाळ्यांत मूळ नावाने कधीच ओळखला गेला नाही. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथांवर आधारलेल्या त्या खेळातील चार वीरांपैकी मुस्तफा कैरो हा सर्वांत चपळ, आणि धावत येऊन मारलेली त्याची लाथ सर्वांत भरवशाची. म्हणून अंधेरीपासून मुलुंडपर्यंत त्या यंत्राचे नाव ‘मुस्तफा’ असेच पडले. या खेळात तिघांना एकाच वेळी खांद्याला खांदा भिडवून खेळता येई. त्यातील तिसऱ्या स्टेजमध्ये मारामारी एकाएकी मागे पडते, खेळाडू मोटारीत बसतो आणि रस्त्यावर आडवे येणाऱ्यांना मोटारीनेच उडवीत पुढे जातो. आतापर्यंत जे हात ठोसे मारण्यात गुंतले होते त्यांना क्षणार्धात निराळे कसब दाखवावे लागते. हाच तो पोटखेळ.

त्याची परंपरा मात्र जुनी आहे. नाम्को कंपनीच्या ‘रॅली-एक्स’ (१९८०) आणि ‘गॅलागा’ (१९८१) या खेळांत अधूनमधून एक असा टप्पा ठेवलेला असे की ज्यात प्राण जाण्याचे भय नसते. ‘गॅलागा’मधील चाळीस शत्रू त्या टप्प्यात गोळी न झाडता केवळ कवायत केल्याप्रमाणे उडत जातात, आणि खेळाडूने त्यांतील जितके टिपावेत तितके गुण त्याच्या पदरात पडतात. ‘फायनल फाइट’ (१९८९) आणि ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) या खेळांत हाच प्रकार उभी मोटार ठरावीक सेकंदांत फोडून काढण्याच्या रूपाने आला, आणि उपनगरातील मुलांना तो इतका आवडला की मुख्य लढतीत हरणारा मुलगाही मोटार फोडण्यात मात्र आपली ख्याती राखून असे. या टप्प्याचे अर्थशास्त्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. गाळ्याच्या मालकाचे उत्पन्न खेळाडूच्या मरणावर अवलंबून. जितक्या लवकर ‘गेम ओव्हर’ तितक्या लवकर दुसरे टोकन. अशा व्यवहारात जो टप्पा खेळाडूला मारीतच नाही तो मालकाच्या दृष्टीने निव्वळ तोट्याचा. पण त्याच टप्प्याच्या आशेने मुलगा पुन्हा टोकन घेई, हे यंत्र रचणारे पुरते जाणून होते. मुलाच्या बाजूने पाहता, ज्याचा रुपया दोन मिनिटांत संपण्याची धास्ती त्याच्या मनगटात सतत भरलेली असे, त्याला ते वीस-तीस सेकंद निर्भय खेळण्यासाठी मिळत, आणि निर्भय खेळणे हेच खरे खेळणे होय असे माझे मत आहे.

सरकारदरबारी मात्र या गाळ्याकडे खेळाच्या दृष्टीने कोणी पाहिले नाही. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागेचा परवाना, आणि मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ खाली महसूल खात्याची वसुली, असा त्याचा दुहेरी कारभार. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा होऊन त्याची कचेरी वांद्र्यास आल्यावर त्या वसुलीचे दप्तरही तिकडे गेले. काही गाळ्यांत व्हिडिओ गेमच्या नावाखाली पैसे लावण्याची यंत्रे आली आणि मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ या जुन्या कायद्यान्वये छापे, पंचनामे आणि जप्ती सुरू झाली, तेव्हा मुस्तफा खेळणाऱ्या शाळकरी पोराच्या माथीही तोच डाग आला. घरोघरी ‘त्या गाळ्यात पाऊल टाकशील तर याद राख’ अशी तंबी मिळू लागली. हा अन्याय होता. जुगारात कसबाला वाव नसतो. मोटार फोडणाऱ्या मुलाजवळ कसबाखेरीज दुसरे काहीच नव्हते.

नव्वदीच्या त्याच दशकात खेळ गाळ्यातून घरी येऊ लागला. निन्टेन्डोने जपानात १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या तैवान-चीनकडील हुबेहूब नकला लॅमिंग्टन रोडवर, आणि अंधेरी-पार्ल्याच्या सीमेवरील इर्ल्याच्या बाजारात मिळत. त्यांना लागणाऱ्या पिवळ्या-काळ्या ‘कॅसेटी’ उन्हाळ्याच्या सुटीत भाड्यानेही मिळत, आणि कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तळाशी फुंकर मारून ती पुन्हा बसवणे हे प्रत्येक घरातील मुलाला अवगत होते. कोनामीचा ‘सर्कस चार्ली’ (१९८४) हा तर संपूर्ण पोटखेळांचाच खेळ: सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उडी, दोरीवरून चालताना माकडांना चुकवणे, चेंडूवरून चेंडूवर जाणे, धावता घोडा, शेवटी झोपाळा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८) मध्ये मोठ्या प्रवासाच्या वाटेवर पत्त्यांची जोडी जुळवण्याचा खेळ मध्येच येई, आणि तो घरातील आज्यांनाही समजे, हे त्याचे वैशिष्ट्य. एका दूरदर्शन संचासमोर चटईवर पाच जण बसत आणि मेलेल्याने रिमोट पुढच्याच्या हाती द्यायचा हा दंडक असे, तेव्हा लहान टप्प्यांचा खेळ पाळी लवकर फिरवी. पाळी लवकर फिरणे ही त्या खोलीची गरज होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केल्यावर काही वर्षांत उपनगरी स्टेशनांभोवती सायबर कॅफे निघाले, आणि गाळ्यांतील गर्दीचा एक मोठा ओघ तिकडे वळला. येथे हेरांचे खेळ आले. ऑस्लोच्या इनरलूप स्टुडिओचा ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ (२०००) हा भारतातील कॅफेंमध्ये जितका खेळला गेला तितके फार थोडे खेळ खेळले गेले असतील. डेव्हिड जोन्स नावाचा हेर एकटा शत्रूच्या तळात शिरतो, संगणकापाशी जाऊन पहाऱ्याचे कॅमेरे निकामी करतो, कुलूपबंद फाटक उघडतो, आणि हे करताना कोणाच्या नजरेस पडू नये ही दक्षता घेतो. या खेळात मोहिमेच्या मध्यावर प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. तासाच्या हिशेबाने भाडे मोजणाऱ्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे पहा: पंचावन्न मिनिटे दबकत, सरपटत तो अखेरच्या फाटकाशी पोहोचतो, कॅफेवाला टकटक करून ‘टाइम झाला’ म्हणतो, आणि सगळे केलेले पाण्यात. अशा वेळी शेजारच्या मुलाने अर्ध्या तासाचे पैसे उसने दिल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत, व त्या व्यवहारात लेखी काहीही नसे.

२००४ चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या कॅफेंत आला तेव्हा पोटखेळांचे वैपुल्य टोकाला पोहोचले होते. त्यात नाच होता, बास्केटबॉल होता, बिलियर्डचे टेबल होते, आणि दुकानांतून चक्क व्हिडिओ गेमची यंत्रेही उभी होती, ज्यांवर नायक खेळू शके. त्याहून लक्षणीय म्हणजे त्यात व्यायामशाळा होती: नायकाला तेथे नेऊन बटण झपाझप दाबीत वजने उचलायला लावली की त्याचे दंड खरोखर भरत, आणि त्याला भरमसाट खाऊ घातले की त्याचे पोट सुटे. पडद्यावरच्या माणसाने व्यायाम करावा आणि खेळणाऱ्याने खुर्चीत बसून राहावे, ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती.

वस्तुतः खेळणाऱ्याच्याच देहाला कामाला लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. बांदाईची पायाने तुडवायची चटई १९८६ सालची; निन्टेन्डोचा ‘वी फिट’ २००७ च्या डिसेंबरात जपानात निघाला, आणि त्याच्या वजनकाट्यासारख्या फळीवर उभे राहून योगासने, स्की-उडी, डोक्याने चेंडू मारणे असे पंचवीस-पन्नास छोटे खेळ खेळता येत. २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. त्यात हातात काही धरायचेच नव्हते, कॅमेराच माणसाची हालचाल वाचीत असे. पण त्या कॅमेऱ्याला माणूस सुमारे सहा फूट दूर उभा असावा लागे, आणि दोघे खेळत असतील तर आठ फूट. बोरीवलीतील दहा बाय बाराच्या हॉलमध्ये एका बाजूस शोकेस, दुसऱ्या बाजूस सोफा-कम-बेड आणि मध्ये टीपॉय असताना हे आठ फूट आणावेत कोठून? टीपॉय स्वयंपाकघरात, सोफा भिंतीला टेकवून, आणि तरी हात पंख्याला लागण्याची भीती. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने हा खटाटोप काही आठवडे निष्ठेने केला, आणि नंतर तो कॅमेरा शोकेसमध्ये, लग्नातल्या चांदीच्या भांड्यांशेजारी जाऊन बसला. तो खेळ वाईट नव्हता. त्याने गृहीत धरलेले घर निराळे होते.

जागा मॉलमध्ये होती, म्हणून अंगाचे खेळ तिकडे गेले. घाटकोपरचा आर सिटी मॉल २००९ साली उघडला आणि २०१३ साली त्यात किडझानिया आली, जेथे मुले अग्निशामक, वैमानिक, डॉक्टर अशा भूमिका क्षणभर निभावीत. ती नगरी म्हणजे पोटखेळांचीच नगरी, पण तिच्या प्रवेशाचे मोल रुपयाच्या टोकनापासून फार दूरचे होते.

खेळ बनवणारेही या शहरात निघाले. मुंबईत १९९९ साली विशाल गोंडल यांनी स्थापन केलेली इंडियागेम्स ही या शहरातील खेळ बनवणाऱ्या आरंभीच्या कंपन्यांपैकी एक. पुढे २०१४ च्या सुमारास त्याच गृहस्थांनी गोकी ही मनगटी पट्ट्याच्या साह्याने व्यायामाचा मागोवा ठेवणारी कंपनी काढली, व खेळ आणि व्यायाम यांची गाठ एकाच माणसाच्या उद्योगात पडली. हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेने २००९ साली प्लेस्टेशन २ साठी रचलेल्या ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी, विटीदांडू आणि पतंग हे पोटखेळ म्हणून आले. ज्या आवारातून विटीदांडू हद्दपार झाला त्याच आवाराच्या वरच्या मजल्यावर तो दूरदर्शन संचात खेळला जावा, यात मला खेद वाटतो आणि थोडा आनंदही. खेद हरवलेल्या आवाराचा, आनंद एवढाच की कोणाला तरी तो खेळ नोंदवून ठेवावासा वाटला.

हेरांच्या खेळाची मुंबईशी प्रत्यक्ष भेट २०१८ च्या नोव्हेंबरात झाली. कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हने काढलेल्या ‘हिटमॅन २’ मधील एक संपूर्ण मोहीम मुंबईत घडते. तीत झोपडपट्टी आहे, धोबीकाम आहे, चित्रपटाचे चित्रीकरण चाललेली उंच इमारत आहे, आणि वेषांतर केलेल्या नायकाला न्हाव्याच्या खुर्चीमागे उभे राहून गिऱ्हाइकाची दाढी करण्याची संधीही आहे. कारागिरी उत्तम. तथापि त्या मुंबईत अंधेरीहून सुटणारी लोकल नाही, बोरीवलीच्या सोसायटीचे आवार नाही, पडद्याआडचा तो गाळा नाही. परदेशी कलावंताला मुंबई म्हटले की झोपडी आणि सिनेमा एवढेच दिसते, आणि ज्या मध्यमवर्गीय उपनगराने त्याचे खेळ दोन दशके पैसे मोजून खेळले ते त्याच्या नकाशावर येत नाही, हे मला खटकते.

किनेक्टला न सुटलेला घरच्या व्यायामाचा प्रश्न उपनगरातील मराठी बायकांनी मात्र निराळ्या रीतीने सोडवला आहे. श्रावणातील मंगळवारी नवविवाहितेने पूजावयाच्या मंगळागौरीचे रात्रीचे जागरण म्हणजे अनेक लहान खेळांची माळ: झिम्मा, साधी फुगडी, उकिडवे बसून घालावयाची बसफुगडी, पिंगा, सूप नाचवणे, गाठोडे, कोंबडा. बसफुगडीने मांड्या भरून येतात, गाठोड्याने पाठ मोकळी होते, पिंग्याने दम तपासला जातो. मुलुंड, बोरीवली, पार्ले येथील महिला मंडळे हे खेळ आता सोसायटीच्या आणि मंगल कार्यालयाच्या सभागृहांत करतात, श्रावणाच्या कित्येक आठवडे आधीपासून तालमी घेतात, आणि त्या तालमींना साठी उलटलेल्या स्त्रियाही नियमाने येतात. एक खेळ संपला की सगळ्या जणी जमिनीवर बसतात, कोणी पाणी फिरवते, कोणी गुडघा चोळते, आणि पुढील खेळाचे गाणे कोणी उचलले की ज्यांना जमेल त्या उठतात, ज्यांना जमत नाही त्या बसून टाळ्या धरतात.