ठासणीची बंदूक आणि कोकणची हवा

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासत आणि पेटता तोडा कानावरच्या रंजकाला टेकवत. पेण-रोह्याच्या दमट हवेत दारू सादळली, तर ऐन वेळी बार उडत नसे. मोहिमाही बहुधा कोरड्या दिवसांत निघत; पेणच्या पूर्वेकडील उंबरखिंडीची लढाई २ फेब्रुवारी १६६१ ची.

दारूतला सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शुद्ध असेल तर ओल फारशी धरत नाही; कच्च्या सोऱ्यातले इतर क्षार धरतात. ते वेगळे कसे करत? १०० ग्रॅम पाण्यात सोरा ०° सें.ला १३ ग्रॅम, तर १००° ला सुमारे २४५ ग्रॅम विरघळतो. मीठ मात्र ३६ व ३९ ग्रॅमच. उकळते द्रावण निवले की सोऱ्याचे स्फटिक सुटतात, मीठ पाण्यात राहते. पेणच्या मिठागरांत पाणी निववून भागत नाही, उन्हात आटवावे लागते, त्याचे कारण आपल्याला इथेच सापडते.